मदत हवी आहे : लिलावात घेतलेल्या घरावर कर्जदाराच्या बहिणीचा दावा निघाला, उरलेले २४ लाख भरू का?

नमस्कार मंडळी. मी औशाचा. लातुरात गंजगोलाईजवळचं एक जुनं घर बँकेने सरफेसी कायद्याखाली (थकीत कर्जापोटी तारण मालमत्ता विकायचा कायदा) ई-लिलावात काढलं होतं. खाली दोन गाळे, वर राहायची जागा. ३२ लाखांना बोली माझ्या नावावर सुटली. २५ टक्के, म्हणजे ८ लाख, दुसऱ्याच दिवशी भरले. वडिलांच्या निवृत्तीचे पैसे आहेत ते.

विक्री कायम झाल्याचं पत्र आलं तेव्हा वडिलांना घेऊन घर दाखवायला गेलो. मागच्या खोलीत साठीच्या एक बाई राहतात, कर्जदाराची सख्खी बहीण. त्यांनी चहा टाकला, मग पेटीतून कागद काढले. घर वडिलोपार्जित आहे म्हणून त्यांनी दिवाणी न्यायालयात वाटणीचा दावा लावलाय. लिलावाच्या जाहिरातीच्या वर्षभर आधी. बँक त्यात प्रतिवादी क्रमांक ३! आणि जाहिरातीत 'ज्ञात बोजा : निरंक', म्हणजे मालमत्तेवर कुणाचं देणं वा हक्क असल्याचं बँकेला माहीत नाही.

बोली लावण्याआधी आत जाऊन बघायला हवं होतं, हे कबूल. पण मालमत्ता पत्रक काढलं होतं, त्यावर या दाव्याची नोंद नव्हती.

बँकेचे अधिकारी म्हणतात, "जशी आहे तशी घेतलीय तुम्ही." बाकी १५ दिवसांत भरायची, लेखी सहमती झाली तर जास्तीत जास्त ३ महिने. नाही भरली तर ८ लाख जप्त. अशी जप्ती २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात कायम ठेवलीय, म्हणून जास्त भीती वाटते.

पण सरफेसीच्या नियमांतल्या नियम ८(६) प्रमाणे बँकेला माहीत असलेले बोजे विक्रीच्या नोटिशीत द्यावे लागतात. प्रलंबित दावा 'बोजा' धरला जातो का? माझं सगळं प्रकरण या एका शब्दावर आहे. सरफेसीच्या कलम १७ खाली संभाजीनगरच्या डीआरटीत (कर्जवसुली न्यायाधिकरणात) अर्ज करू, की थेट उच्च न्यायालयाच्या खंडपीठात रिट याचिका? अर्ज केला तर १५ दिवसांची मुदत थांबते का, की स्थगिती वेगळी मागावी लागते? बहिणीच्या दाव्यात मी स्वतःहून पक्षकार होणं शहाणपणाचं आहे का?

पैसे भरले तरी कलम १४ चा (ताबा मिळवून देण्याचा) आदेश घेऊन त्या बाईंना पोलिसांकरवी बाहेर काढायची वेळ माझ्यावर येऊ नये. वडिलांनीही तेच सांगितलंय.

सहा दिवस गेले, नऊ उरलेत. डीआरटीत लिलाव खरेदीदाराच्या बाजूने काम केलेले कुणी वकील असतील तर कृपया लिहा. विक्रीची नोटीस आणि दाव्याची प्रत दोन्ही माझ्याकडे आहेत.