उन्हाळ्यात जर्कबेटमागे बास येतो, पण तोंड लावत नाही

मीनध्यास
नमस्कार मंडळी. पाणी १०-१२ अंश सेल्सियस होतं तेव्हा याच जर्कबेटवर (झटके देत ओढायचं माशाच्या आकाराचं खोटं आमिष) मला भरपूर बास, म्हणजे गोड्या पाण्यातले शिकारी मासे, लागले. दोन झटके द्यायचे आणि मनातल्या मनात दहापर्यंत मोजायचं. बहुतेक वेळा सात-आठवरच दोरी जड व्हायची.

आता पाणी २८ अंशांवर गेलंय. तलाव तोच, आमिष तेच, मोजणंही तेच. पाणी नितळ असल्यामुळे सगळं दिसतं. खालून दोन-तीन बास वर येतात, आमिषाच्या शेपटीपासून वीतभर अंतरावर थांबतात, बघतात आणि सावकाश वळून खाली जातात. शनिवारी सकाळी असं सहा वेळा झालं, जीव अगदी कासावीस झाला. आणखी एक गोष्ट म्हणजे आधी जागच्या जागी स्थिर राहणारं आमिष आता थांबवलं की नाक खाली करून हळूहळू बुडतं. आत पाणी शिरलं असेल का? काही जण म्हणतात उन्हाळ्यात जर्कबेट पेटीतच ठेवावं. ठेवून देऊ का?

जुनी_गरी
पेटीत अजिबात ठेवू नका. मासे वर येतायत म्हणजे जागा बरोबर आहे आणि आमिषही त्यांना आवडतंय. नडतंय ते तुमचं दहापर्यंत मोजणं.

बासच्या अंगाचं तापमान पाण्याबरोबर बदलतं. १० अंशांत तो सुस्त असतो, पाठलाग परवडत नाही, म्हणून समोर थांबलेलं आमिष तो अलगद उचलतो. २८ अंशांत त्याचं पचन जोरात चालतं, भूक मोठी असते आणि अंगात वेग असतो. त्याच्यासमोर आमिष दहा सेकंद नुसतं थांबलं तर त्याला निरखायला वेळ मिळतो, आणि नितळ पाण्यात निरखलं की खोटेपणा कळतोच.

मला हे एका शॅडच्या (बास ज्यांना खातो त्या लहान मासळीच्या) पिल्लाने शिकवलं. नावेच्या कडेशी वाकून दोरी सोडवत होतो, तेवढ्यात एक बोटभर शॅड थव्यापासून तुटून आलं. एका बाजूचे खवले निघालेले, मागे स्मॉलमाउथ, म्हणजे लहान तोंडाच्या जातीचा बास. ते डावीकडे सुटलं, उजवीकडे वळलं, पाण्याबाहेर उडालं, पुन्हा डावीकडे. श्वास घ्यायलाही थांबलं नाही, आणि चौथ्या वळणावर गेलं. त्या दिवसापासून उन्हाळ्यात मी आमिषाला उसंत देत नाही. (या आमिषांचा पूर्वजही अशाच निरीक्षणातून आला. फिनलंडच्या लॉरी रापाला या मच्छीमाराने जखमी मासळीची डगमग पाहून १९३६ मध्ये बुचातून आपलं आमिष कोरलं होतं.)

आता हात कसा चालवायचा ते सांगतो. रॉडचं टोक पाण्याकडे खाली. झटका मनगटाने, आणि तो नेहमी सैल दोरीवर. झटका दिला की टोक लगेच आमिषाकडे परत न्या, म्हणजे आमिष बाजूला घसरत वळतं. दोरी ताणलेली राहिली तर ते सरळ पुढे येतं आणि सगळा खेळ संपतो. झटके तीन-चार, सलग, मध्ये फार तर अर्धा सेकंद. रील फक्त सैल दोरी गोळा करण्यापुरतं, पण ७:१ च्या पुढचं (हँडलच्या एका फेऱ्यात सातहून जास्त वेळा फिरणारं) असेल तर हात अवघडत नाही. मासा मागे दिसला तर थांबायचा मोह होईल. तेव्हाच वेग वाढवा. हे जमायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण मासा दिसला की हात आपोआप थबकतो.

जागा म्हणाल तर पाण्यात घुसलेल्या उतारांची टोकं, जिथे तळ १५-२० फुटांवर आहे. आमिष ६ फुटांवरूनच जाऊ द्या, स्मॉलमाउथ तेवढं वर येतो. उन्हाळ्यात बऱ्याच तलावांत गरम पाण्याचा थर वर आणि थंड पाण्याचा खाली असे दोन भाग पडतात. खालच्या थरात प्राणवायू संपत जातो, त्यामुळे मासे त्या सीमेच्या वरच राहतात. पहाटेचा पहिला तास, ढगाळ दिवस किंवा पाण्यावर लाटा उठवणारा वारा, या तीन वेळा जर्कबेटच्या. भर दुपारी, पाणी आरशासारखं असताना मी स्वतः ते वापरत नाही.

आमिष बुडण्याचं कारण बहुधा आत शिरलेलं नाही, तर भोवतालचं गरम पाणी. २८ अंशांचं पाणी १० अंशांच्या पाण्यापेक्षा साधारण ०.३५ टक्के हलकं असतं. १४ ग्रॅमच्या आमिषाचा आधार त्यामुळे सुमारे ०.०५ ग्रॅमने घटतो, म्हणजे तांदळाचे दोन-तीन दाणे. काठावर तोललेल्या आमिषाला तेवढं पुरतं. पुढची गरी एक नंबर लहान लावा, नाक वर येईल. पण थांबायचंच नसेल तर तीही गरज नाही. आत पाणी शिरल्याची शंका असेलच तर आमिष बाहेरून कोरडं करून वजन करा आणि डबीवरच्या आकड्याशी ताडून पाहा.

पहाटपाणी
जुनी_गरी काकांचं सगळं पटलं, फक्त दोरीचं राहिलं. फ्लुरोकार्बन (पाण्यात कमी दिसणारी दोरी) १० पौंडी, म्हणजे १० पौंड ताण सोसणारी, घ्या. ८ पौंडीवर आमिष थोडं खोल जातं हे खरं, पण सतत झटके देऊन गाठीजवळ ती झिजते. मी दर तासाला शेवटचा हातभर भाग बोटांतून फिरवून बघते, खरखर लागली की कापून नवी गाठ मारते.

आणि कृपा करून माशाची काळजी घ्या. १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे ११ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो, ३० अंशांत जेमतेम साडेसात. दमलेल्या माशाला सावरायला तिथे फार कमी वाव असतो. त्याला उगाच खेळवत बसू नका. गरी पाण्यातच लांब पकडीने सोडवा. फोटो हवाच असेल तर स्वतःचा श्वास रोखून धरा. तुम्हाला श्वास घ्यावासा वाटला की माशाला पाण्यात सोडा.

जर्कबेटला बहुधा तीन-तीन काट्यांच्या दोन किंवा तीन गऱ्या असतात. मी एकदा खालचा ओठ अंगठ्याने पकडला, माशाने मान झटकली आणि मोकळी गरी माझ्या अंगठ्यात रुतली. दुसरी त्याच्या जबड्यात, आणि तो अजून धडपडतोय! तेव्हापासून सगळ्या काट्यांचे उलटे दात पकडीने दाबून टाकते आणि मासा जाळीतच घेते.

मीनध्यास
काका, ताई, आज उजाडायच्या आत पोचलो. पहिल्या दहा मिनिटांत पुन्हा तेच झालं, मासा दिसला आणि हात थांबला. मग नजर पाण्यावरून काढून समोरच्या झाडांवर ठेवली आणि नुसते झटके देत राहिलो. तिसऱ्या फेकीला असा दणका बसला की रॉड हातातून निसटता निसटता वाचला. चार लागले, तीन जाळीत आले. चौथ्याने उडी मारून गरी झटकली, मी रॉड फार जोरात मागे ओढला होता. ऊन वर आलं, पाणी शांत झालं आणि सगळं थंडावलं. संध्याकाळी त्याच टोकावर जाऊ का?

जुनी_गरी
वारा सुटला असेल तर जा. आणि टोकाच्या ज्या बाजूला लाटा आपटतायत तिथे फेका, आडोशाच्या बाजूला नको. मासा लागला की रॉड वर न उचलता बाजूला झुकवा, दोरी ताणलेली ठेवा. उडी कमी मारतो.