आधी दादांना विचारावे

मोठ्या भावाच्या कर्करोगाविषयी फेसबुकवर लिहावे का, हा आपण विचारलेला प्रश्न आमच्याही घरात आला होता. परभणीत वहिनींना रक्ताचा कर्करोग असल्याचे कळले तेव्हा, छत्रपती संभाजीनगरला उपचार सुरू होण्यापूर्वीच, एका नातेवाइकाने तपासणी अहवालाचे छायाचित्र भावकीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकले. संध्याकाळपर्यंत ते त्यांच्या माहेरी सेलूला पोहोचले आणि ज्या आईला त्या स्वतः जवळ बसून सांगणार होत्या, तिला ते शेजारणीकडून कळले. वहिनींच्या मनाला हे केमोथेरपीपेक्षाही अधिक लागले.

म्हणून माझ्या मते हा निर्णय केवळ दादांचा आहे, तुमचाही नाही. २०१८ मध्ये इरफान खान यांनी मार्चमध्ये आणि सोनाली बेंद्रे यांनी जुलैमध्ये आपल्या आजाराविषयी समाजमाध्यमांवर लिहिले, ते स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या शब्दांत.

रक्तदात्यांसाठीचे आवाहन मात्र वेगळे. दान केलेल्या प्लेटलेट (रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या पेशी) साधारण ५ दिवसच टिकतात, त्यामुळे दाते पुन्हा पुन्हा शोधावे लागतात. त्या आवाहनात रक्तगट, रक्तपेढी, तारीख आणि एक संपर्क क्रमांक पुरेसा असतो. अहवाल किंवा रुग्णाचा चेहरा त्यात नको. तारीख अवश्य लिहावी, कारण ती नसल्याने आमचा संदेश गरज संपल्यावरही दोन महिने फिरत राहिला आणि अपरात्री फोन येत राहिले.

दादांच्या दहावीतल्या मुलीचा उल्लेख आपण केला आहे. काहीही लिहिण्यापूर्वी तिला घरी, पुरेसा वेळ देऊन सांगा.