आबाजींच्या बुलेटला कोणतं ऑइल?

ग्रुप : आपला वाडा

मी : रामराम मंडळी. आबाजींची बुलेट काल गोठ्यातून बाहेर काढली. कुटार झटकलं, टाकीतलं सडकं पेट्रोल ओतून दिलं, इंजिन खालून उघडून साफ केलं. पोळ्याच्या आधी चालू करायची आहे. आता एकाच गोष्टीवर अडलो : ऑइल कोणतं टाकायचं? ज्याला जे माहीत असेल ते लिहा. चार वर्षांपूर्वीची चूक मला परत करायची नाही.

काकाजी : कायले येवढा इचार करतं? टॅक्टरचं आईल हाय घरी, अर्धा डबा. थेच टाक. माह्या गाडीत बी मी थेच टाकतो, काई होत नाही.

दादा (पुणे) : काकाजी, नको. फुल सिंथेटिक टाक रे. एकदाच चांगलं टाकायचं. पैसे मी पाठवतो.

मोठे बाबा : आबाजी उन्हाळ्यात ५० नंबरचं टाकत अन् हिवाळ्यात ४० नंबरचं. यवतमाळवरून टिनाच्या डब्यात आणत. मी सोबत जात होतो, म्हणून याद हाय. बंडीच्या आखाले वंगण देताना बी थे तसंच पाहत. थंडीत वंगण घट्ट होते, उन्हात पातळ होते.

मी : मोठे बाबा, तुम्ही जे सांगितलं तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. दादा, काकाजी, तुमच्याही बोलण्यावर येतो. आधी मागच्या वेळी काय झालं ते सांगतो, कारण ग्रुपवर ते मी कधी नीट सांगितलंच नाही.

मी : तालुक्याला एका गॅरेजवर गाडी नेली होती (नाव नको). त्यांनी म्हटलं, हे जुनं जाड ऑइल बंद करा, महागाचं पातळ सिंथेटिक टाका, १०डब्ल्यू-३०. मीही हो म्हटलं. त्यांनी एकच ड्रेन बोल्ट खोलला, फिल्टर उघडलाच नाही. आठ दिवसांत टायमिंग कव्हरच्या (इंजिनच्या बाजूच्या झाकणाच्या) फटीतून ऑइल गळायला लागलं. मग वरून खडखड आवाज. टॅपेट कव्हर काढून पाहिलं तर आत कोरडं! रॉकरला (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या वरच्या दांड्याला) जाणाऱ्या पाइपचा बोल्ट इंजिन चालू ठेवून सैल केला, एक थेंब आला नाही. तेव्हाच बंद केली, आणि तशीच गोठ्यात उभी राहिली.

ताई (नागपूर) : म्हणजे ऑइल पातळ होतं म्हणून वर चढलं नाही?

मी : मलाही चार वर्षं तसंच वाटत होतं. काल उघडल्यावर कळलं. टायमिंगच्या बाजूला फेल्टचा फिल्टर असतो. तो बाहेर काढला आणि मुठीत दाबला. बोटांच्या मधून काजळासारखा काळा लगदा निघाला, आणि त्यात पितळी चमचम. तळाचा दुसरा बोल्ट खोलला तर आधी काहीच आलं नाही. तारेनं खरवडल्यावर गाळ पडला, थेट चिखलाचा गोळा. साध्या ऑइलवर वर्षानुवर्षं चाललेलं इंजिन आहे हे. जुन्या साध्या ऑइलमध्ये मळ धुणारं डिटर्जंट नसायचं, त्यामुळे मळ तळाला बसून राहायचा. नव्या ऑइलमध्ये ते भरपूर असतं. त्यानं तो मळ सोडवला, आणि सुटलेला मळ जाऊन बसला ऑइलच्या बारीक वाटेत. फटी त्या मळानंच बुजल्या होत्या, त्याही मोकळ्या झाल्या, म्हणून गळती.

भाऊजी : म्हणजे दोष ऑइलचा नाही, न उघडता टाकण्याचा.

मी : दोन्ही, भाऊजी. न उघडता टाकणं ही मोठी चूक, आणि ३० नंबर या इंजिनाला पातळच. हे इंजिन हवेवर थंड होतं, पाण्यावर नाही. आपल्याकडे मे महिन्यात ४५ डिग्री. बैलांना पाणी पाजायला माणूस सावली शोधतो, तेव्हा ही गाडी कापसाच्या वावरातून पहिल्या गिअरवर चालते. त्यात १९७४ ची, म्हणजे आतल्या भागांमध्ये जागा वाढलेली. तिथे दाट थर टिकला पाहिजे.

काकाजी : मंग टॅक्टरचं काऊन नाही? थे तं जाडच असते.

मी : काकाजी, तुमच्या डब्यावर १५डब्ल्यू-४० आहे न? मग ते विष नाही. गाळ काढून झालेल्या इंजिनात वेळ पडली तर चालेल. पण त्यात मळ धुणारा मसाला सगळ्यात जास्त, कारण डिझेलची काजळी सांभाळायची असते. न उघडलेल्या जुन्या बुलेटमध्ये तेच नडतं. आणि एक हात जोडून सांगतो : गिअर-हायड्रॉलिकचं ऑइलही तशाच डब्यात येतं. ते इंजिनात कधीच टाकू नका, तुमच्या गाडीतही नाही. डबा उचलण्याआधी वाचा.

मी : मोठे बाबांच्या ४० आणि ५० वर येतो. तो नंबर म्हणजे १०० डिग्रीला तापल्यावर ऑइल किती दाट राहतं त्याचं माप. ४० नंबर म्हणजे १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक (दाटपणा मोजायचं एकक), ५० नंबर म्हणजे १६.३ ते २१.९. साध्या ५० नंबरला थंडीतला नंबर नसतो, म्हणून पौषातल्या पहाटे ते गुळाच्या पाकासारखं होतं आणि किक दाबता दाबत नाही. आबाजी ऋतूप्रमाणे बदलायचे ते याच्याचसाठी. म्हणून मी २०डब्ल्यू-५० टाकायचं म्हणतो. त्यात दोन्ही गोष्टी एका डब्यात आल्या : थंडीत २० डब्ल्यूसारखं वाहतं, तापल्यावर ५० सारखं दाट राहतं. म्हणजे मी काही नवीन शोधून काढलं नाही, आबाजींचंच ऑइल बाराही महिने टाकून राहिलो.

मोठे बाबा : बरोबर हाय.

दादा (पुणे) : पण २०डब्ल्यू-५० सुद्धा सिंथेटिकमध्ये मिळतं की. आणि जासो एमए (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलचा शिक्का) लिहिलेलं बघून घे, नाहीतर क्लच घसरेल.

मी : दादा, सिंथेटिक वाईट नाही. पण हे ऑइल मी लवकर-लवकर बदलणार आहे. पहिलं तर १०० किलोमीटरवरच काढणार, कारण कोपऱ्यातला उरलेला मळ त्याच्यासोबत येईल. दुसरं ५०० वर. मग दर १५०० ला. महागाचं ऑइल १०० किलोमीटरवर ओतून देताना जीव तुटेल आणि माणूस ‘राहू दे थोडे दिवस’ म्हणतो, तिथेच घात होतो. साधं मिनरल घ्यावं आणि हात न आखडता बदलावं. जासोचं म्हणशील तर या बुलेटमध्ये क्लच इंजिनच्या ऑइलमध्ये नाहीच. तो डाव्या बाजूच्या चेन केसमध्ये, त्याचं ऑइल वेगळं. गिअरबॉक्सही वेगळा. तरी मी दोन्हीकडे चालेल असं एमएवालंच घेईन, म्हणजे चुकून अदलाबदल झाली तरी क्लच वाचेल.

भाऊजी : जुन्या इंजिनाला झिंक जास्त लागतं असं ऐकलं. नवीन ग्रेडमध्ये ते कमी केलं म्हणतात.

मी : खरं आहे. कॅम आणि टॅपेट एकमेकांवर घासतात, तिथे झिंक-फॉस्फरसचा पापुद्रा धरतो आणि धातूला धातू लागू देत नाही. मोटारींच्या सायलेंसरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा भाग) खराब होऊ नये म्हणून ते कमी केलं. पण ती मर्यादा २० आणि ३० सारख्या पातळ ग्रेडसाठी आहे, २०डब्ल्यू-५० ला लागू नाही. म्हणून वरून वेगळी झिंकची बाटली ओतायची गरज मला वाटत नाही.

काकाजी : अन् डिझल टाकून धुतलं काय? पाच मिनिट चालू ठेवली का सारा मळ बाहेर.

मी : नाही काकाजी, डिझेल टाकून इंजिन चालू करायचंच नाही. त्याला वंगणाची पकड नाही, आतले बुश (क्रँकच्या सांध्यातल्या धातूच्या कड्या) खाऊन टाकेल. मी डिझेल वापरलं ते बाहेर, परातीत, सुट्या भागांना ब्रशनं लावायला. मग सगळं कोरडं पुसून रात्रभर पत्र्याखाली ठेवलं, म्हणजे आत राहून नवं ऑइल पातळ करायला नको.

वहिनी : ते काळं ऑइल बादलीत भरून विहिरीजवळ ठेवलं आहे. ढोरं तिकडेच पाणी प्यायला येतात. कृपा करून आत्ताच उचला.

मी : उचललं वहिनी. बंद कॅनमध्ये भरून ठेवलं, आर्णीला जुनं ऑइल घेणाऱ्याकडे देतो. कुणी ते खांबांना उधळीसाठी (वाळवीसाठी) मागितलं तरी गोठ्यातल्या खांबांना लावायचं नाही, वासरं चाटतात.

मोठे बाबा : एक सांगतो. थंड्या गाडीची काडी पाहून आईल भरू नको. आबाजी नेहमी बोलत.

मी : मोठे बाबा, हे बरं आठवण दिली. सगळ्यांनी वाचा, कारण मी नसताना कुणीतरी नक्की भरेल. बुलेटची ऑइलची टाकी इंजिनच्या पोटातच, मागच्या बाजूला आहे. पंप तिथून ऑइल क्रँककडे पाठवतो आणि दुसरा पंप ते परत टाकीत आणतो. गाडी बरेच दिवस उभी राहिली की ऑइल पंपातून हळूहळू झिरपून क्रँकच्या घरात उतरतं. काडीवर, म्हणजे डिपस्टिकवर, टाकी रिकामी दिसते. माणूस घाबरून अर्धा लिटर ओततो. मग चालू केल्यावर उतरलेलं ऑइल परत टाकीत येतं, जागा उरत नाही, आणि ब्रीदरच्या (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या) नळीतून पिचकारी, मागून निळा धूर. म्हणून आधी दोन-तीन मिनिटं चालू ठेवायची, बंद करून लगेच काडी पाहायची.

ताई (नागपूर) : आणि भरायचं किती?

मी : पूर्ण कोरड्या इंजिनात सव्वादोन लिटरच्या आसपास. अडीच लिटर आणतो, पण ओतताना दोन लिटरवर थांबणार. बाकी काडी पाहून. पहिल्यांदा प्लग काढून, डिकॉम्प्रेसर (किक हलकी करणारा खटका) दाबून वीस-पंचवीस किक मारीन, रॉकरच्या पाइपचा बोल्ट सैल ठेवून. तिथे ऑइल ओलं दिसलं की मगच प्लग लावणार. दिसलं नाही तर पोळा गेला तरी चालेल, स्टार्ट करणार नाही.

दादा (पुणे) : मान्य. मिनरल २०डब्ल्यू-५०. गिअरबॉक्समध्ये?

मी : ९० नंबरचं, जीएल-४ (गिअर ऑइलची प्रत). जीएल-५ नको, आतले गनमेटलचे बुश त्यातलं गंधक खातं.

काकाजी : बरं बापा. माह्यं आईल मले राहू दे मंग. पण किक मारतानी मले बोलाव.

मी : तुमच्याशिवाय मारणारच नाही. आर्णीत २०डब्ल्यू-५० मिळालं नाही, ४० वालंच दाखवून राहिले. ताई, तू शनिवारी येताना यवतमाळला उतरशील का? ऑइल अडीच लिटर, फेल्टचा फिल्टर एक, आणि ड्रेन बोल्टांचे वॉशर दोन. जुने वॉशर परत लावले की झिरपतात.

ताई (नागपूर) : आणते. वॉशरचा फोटो टाक, बाजूला एक रुपयाचं नाणं ठेवून. नाहीतर दुकानदार कोणत्याही मापाचे देतो.