‘देवासला राहणारा भाऊ’ : इंग्रजीत स्वल्पविराम द्यायचा की नाही?

रामबागवाला, इंदूर
काकांचं मराठी मृत्युपत्र अमेरिकेतल्या चुलतभावासाठी इंग्रजीत करतोय. एक वाक्य असं: ‘माझ्या देवासला राहणाऱ्या भावाने घराची व्यवस्था पाहावी.’ ‘माय ब्रदर हू लिव्ह्ज इन देवास’ असं सलग लिहिलं, तर भाऊ अनेक आणि त्यांतला देवासचा. ‘ब्रदर’नंतर आणि ‘देवास’नंतर स्वल्पविराम दिले, तर भाऊ एकच, देवास ही जाता जाता दिलेली माहिती. मराठी वाक्य दोन्हीकडे लागतं. काय करावं? आणि या दोन प्रकारांना आपल्याकडे शब्द काय?

पलासियाताई
पहिलं व्यवच्छेदक. ‘व्यवच्छेदक लक्षण’ म्हणतोच की आपण, इतरांपासून वेगळं पाडणारं ते. दुसरं नुसतं वर्णनपर. मराठीतही भेद दाखवता येतो, फक्त ते ‘राहणारा’ मोडावं लागतं: ‘माझ्या भावांपैकी जो देवासला राहतो त्याने’, किंवा ‘माझा भाऊ देवासला असतो, त्याने’. आणि दिलेत तर दोन्ही द्या. दुसरा स्वल्पविराम लोक हमखास विसरतात, मग उरलेला एकटा कर्ता आणि क्रियापदामध्ये पाचर मारून बसतो.

मांडवीकर, बडोदे
स्वल्पविराम काय, अल्पविराम म्हणा. इथे गुजरातीत तेच, तुमच्या इंदुरात हिंदीतही तेच. पुण्याच्या मामेबहिणीने एकदा मला यावरून भर पंगतीत सुधारलं होतं.

सदाशिवपेठी
बरोबर केलं. स्वल्प म्हणजे सु अधिक अल्प, अगदी थोडं. नुसतं अल्प नव्हे.

मांडवीकर, बडोदे
मी लहानपणापासून ‘स्व’ म्हणजे स्वतःच्या मर्जीचा, असंच धरून चाललोय. लोक देतात कसा ते पाहिलं तर माझीच व्युत्पत्ती खरी वाटते.

भंवरकुआं शिकवणीवर्ग
मर्जीचाच! इंग्रजी शिकवते, रोज वह्या बघते. ‘ही सेड दॅट’ पुढे स्वल्पविराम, का? तर आपण ‘तो म्हणाला की,’ असं लिहितो म्हणून. इंग्रजीत ‘दॅट’नंतर तो चालत नाही. दुसरं, दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने जोडणं. ‘पाऊस पडत होता, आम्ही घरीच थांबलो’ मराठीत गोड वाटतं. इंग्रजीत तिथे पूर्णविराम, अर्धविराम नाहीतर ‘सो’, ‘अँड’ असं काहीतरी लागतं. ‘श्वास घ्याल तिथे कॉमा’ हे ज्या कोणी शिकवलं त्याचे श्वास मोजले पाहिजेत. आणि कृपा करून कोणी ‘रोको मत जाने दो’ सांगू नका. ते उदाहरण आता निवृत्त करा.

जिल्हा न्यायालय
रामबागवाले, भावाचं नाव टाका, वाद संपला. जुन्या इंग्रजी दस्तांत विरामचिन्हं जवळजवळ नसतच. अर्थ शब्दांनी पेलावा, ठिपक्यांवर टाकू नये.

पलासियाताई
वकीलसाहेब, अमेरिकेत मेन राज्यात काय झालं? ओव्हरटाइम कोणत्या कामांना मिळणार नाही याची यादी कायद्यात होती, शेवटी ‘पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन’. ‘ऑर’आधी स्वल्पविराम नाही. मग वितरण हे वेगळं काम, की वितरणासाठी पॅकिंग हे एकच? दूध डेअरीचे चालक माल पोचवत, पॅकिंग करत नसत. २०१७ साली अपील न्यायालयाने वाक्य संदिग्ध ठरवून चालकांच्या बाजूने कौल दिला आणि पुढच्या वर्षी ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. यादीतल्या शेवटच्या ‘अँड’, ‘ऑर’आधीचा हाच तो ऑक्सफर्ड कॉमा. अमेरिकी वर्तमानपत्रं तो सहसा गाळतात, ग्रंथप्रकाशक बहुधा ठेवतात.

जिल्हा न्यायालय
म्हणजे माझंच म्हणणं. शब्द नीट असते तर ठिपक्यावर पैसे गेले नसते.

सदाशिवपेठी
तसंही ही चिन्हं आपली नव्हेतच. मेजर कँडीसाहेबांनी मराठीत रुळवली. मोडी कागद बघा, शब्दांतसुद्धा फट नाही. होळकरांचा कारभार त्यावरच चालला ना?

भंवरकुआं शिकवणीवर्ग
चालला, पण ते वाचायला आज जाणकार शोधावे लागतात. आणि परक्या चिन्हाला ‘स्वल्प’ असं सोवळं नेसवून वर अल्पविरामाला हिणवायचं, हे कसं जमतं?

सदाशिवपेठी
हिणवलं नाही. मराठीत स्वल्पविराम, हिंदीत अल्पविराम, इतकंच.

मांडवीकर, बडोदे
आमची मराठी मराठी नाही वाटतं?

रामबागवाला, इंदूर
मंडळी, नाव नाहीये हाच तर घोळ आहे. काकांना भाऊ दोन होते. उज्जैनचे वारले, मृत्युपत्र त्याआधीचं.

पलासियाताई
मग व्यवच्छेदक, लिहिलं तेव्हा दोघे होते. स्वल्पविराम नको.

जिल्हा न्यायालय
इतक्यात ठरवू नका. मूळ वाक्य संदिग्ध असेल तर भाषांतरकाराने ते परस्पर सोडवू नये. खाली टीप द्या. नोंदणी कुठली आहे, इंदूरची की देवासची?

मांडवीकर, बडोदे
ते चालू द्या. सेमिकोलनला मराठी, हिंदी, गुजराती तिन्हींत अर्धविराम. मग कॉमाशीच पुण्याचं काय वाकडं?