एलईडीवर लावतो ते जिलेटिन, फिल्टर की गाळणी?

एकांकिकेसाठी मी रॉकेलचा जुना कंदील पेटता दिसेल असा करते आहे. वातीच्या जागी दोन पांढरे एलईडी, खाली टाकीत ९ व्होल्टची बॅटरी आणि १५० ओहमचा रेझिस्टर. काचेला आतून पिवळा पारदर्शक कागद लावला आहे.

अडलं ते या कागदाच्या नावाशी. प्रकाशयोजना बघणारे दादा त्याला 'जिलेटिन' म्हणतात, मी 'फिल्टर' म्हणते, दिग्दर्शक नुसतं 'रंगीत कागद' म्हणतात. प्रॉपर्टीची, म्हणजे नाटकात लागणाऱ्या वस्तूंची, यादी मला नीट मराठीत लिहायची आहे. 'प्रकाशाला रंग देणारा कागद' असं लिहिलं आणि खोडलं. त्यातलं 'देणारा' खटकतं, पण का ते सांगता येत नाही. आणखी एक अडचण म्हणजे उजेड ज्योतीसारखा न येता हिरवट येतोय. हा प्रश्न शब्दांचा नाही, तरी कुणाला कारण माहीत असेल तर सांगा.

प्रतिसाद:

ताई, तुम्हाला खटकलं ते योग्यच आहे. कागद काहीच देत नाही, काढून घेतो. त्यासाठी आपल्याकडे नेमकं क्रियापद आहे, 'गाळणे'. चहा गाळला की चोथा मागे राहतो. उतरवून घेताना ओळ गाळली की ती वहीत येतच नाही. प्रश्नपत्रिकेतल्या 'गाळलेल्या जागा' याच अर्थाच्या. पलीकडे जाऊ देणं आणि वगळणं, दोन्ही एकाच क्रियापदात आहे, आणि रंगीत कागद नेमकं हेच करतो. लाल कागद लाल प्रकाश जाऊ देतो, हिरवा-निळा स्वतःत शोषून घेतो.

पटत नसेल तर निळ्या एलईडीवर लाल कागद धरून बघा. निळ्या एलईडीचा प्रकाश साधारण ४६० ते ४७० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास एकवटलेला असतो, त्यात लाल नसतोच. चांगला गडद कागद असेल तर जवळजवळ अंधार दिसेल. कागद रंग 'देत' असता तर लाल दिसायला हवं होतं.

तुमचा हिरवटपणाही यातूनच येतो. पांढऱ्या एलईडीची चिप मुळात निळी असते, साधारण ४५० नॅनोमीटरची. तिच्यावर फॉस्फरचा थर असतो, तो थोडा निळा प्रकाश शोषून पिवळा बाहेर टाकतो. उरलेला निळा आणि हा पिवळा मिळून डोळ्याला पांढरं दिसतं. पिवळ्या कागदाने निळा गाळला की एकट्या फॉस्फरचा प्रकाश उरतो. 'कूल व्हाइट' एलईडीत त्यात हिरवा-पिवळा भरपूर आणि लाल कमी असतो. ज्योतीत मात्र लाल खूप असतो. त्यामुळे कागद बदलण्याआधी एलईडी बदला. २७०० ते ३००० केल्विन रंगतापमानाचा 'वॉर्म व्हाइट' (पिवळसर पांढरा) घ्या आणि त्यावर फिकट अंबर (पिवळा-नारिंगी) रंगाचा एकच थर लावा. कागदावर कागद चढवू नका, प्रत्येक थर आणखी काहीतरी गाळतो आणि उजेड मरतो.

प्रतिसाद:

क्रियापद म्हणून 'गाळणे' मान्य. पण नाम 'गाळणी' केलंत तर यादी वाचणारा स्वयंपाकघरात शोधायला जाईल. नाटकवाल्यांचा 'जिलेटिन' शब्द टाकून देऊ नये असं मला मनापासून वाटतं. पूर्वी दिव्यांपुढे खरोखर रंगवलेल्या जिलेटिनचे पातळ पत्रे लावत. उष्णतेने ते ठिसूळ होत आणि पाणी लागलं की चिघळत. आता तिथे पॉलिएस्टर किंवा पॉलिकार्बोनेट असतं. आकाशकंदिलासाठी स्टेशनरीच्या दुकानात 'जिलेटिन पेपर' मागतो तेव्हाही हातात सेलोफेन नाहीतर साधं प्लास्टिक पडतं. सेलोफेन वनस्पतींच्या सेल्युलोजचा, तर जिलेटिन प्राण्यांच्या हाडाकातड्यापासूनचं. दोघांचा काही संबंध नाही.

म्हणून शब्द चुकीचा ठरत नाही. 'शाई' मुळात काळेपणावरून आलेला फारसी शब्द, तरी आपण लाल शाई म्हणतो. 'तेल' मुळात तिळाचं, तरी खोबऱ्याचंही तेल असतं. पदार्थ बदलला तरी नाव कामाला चिकटून राहिलं. यादीत फक्त 'जिलेटिन पेपर' असं पूर्ण लिहा, कारण नुसतं 'जिलेटिन' म्हटलं की बातम्यांतल्या स्फोटकाच्या कांड्या डोळ्यांपुढे येतात.

प्रतिसाद:

कागदाच्या नावाइतकाच प्रकाशाच्या रंगाचा शब्दही महत्त्वाचा आहे. अशा ठिकाणी सगळे 'छटा' लिहितात, पण हवा असतो 'झाक'. छटा म्हणजे एकाच रंगाच्या गडद-फिक्या पायऱ्यांपैकी एक. झाक म्हणजे एका रंगावर दुसऱ्याचा हलका पडदा. पांढऱ्या उजेडाला पिवळी झाक येते, पिवळी छटा येत नाही.

आणि मूळ प्रश्नात 'हिरवट' लिहिलं आहे ते मला फार आवडलं. '-सर' सरळ असतं: निळसर, पिवळसर, लालसर. '-ट' लागला की बहुतेक वेळा थोडी नापसंती येते. साडी पिवळसर असते, जुन्या कागदाला किंवा आजारी चेहऱ्याला पिवळट म्हणतो. कंदिलाचा उजेड हिरवट झाला म्हणजे बिघडला, हे त्या एका प्रत्ययातच कळलं. ज्योतीसाठी 'तांबूस' हा तयार शब्द आहेच. प्रकाशयोजनेच्या टिपणात 'तांबूस झाक' असं लिहिलं तर दिवे बघणाऱ्याला लगेच समजेल.

प्रतिसाद:

एक पुरवणी. एलईडीचे ठिपके दिसू नयेत म्हणून बटर पेपर लावतात, त्यालाही काहीजण फिल्टर म्हणतात. तो गाळत नाही, पसरवतो. यादीत दोन्ही वेगवेगळे लिहा.

प्रतिसाद:

सगळ्यांचे आभार. काल वॉर्म व्हाइट लावून पाहिले. फिकट अंबर जिलेटिन पेपरचा एक थर, आणि एलईडीच्या जवळ बटर पेपरची लहान नळी. हिरवट गेलं. अंधारात तीन-चार हातांवरून वात जळतेय असंच वाटलं, आईनेही फुंकर मारायला तोंड पुढे केलं. यादीत असं लिहिलंय: 'कंदील १. एलईडीभोवती बटर पेपर, काचेला आतून अंबर जिलेटिन पेपर (निळा गाळण्यासाठी).'

आता पुढच्या प्रवेशातला निखारा करायचा आहे. तिथे कागद गुंडाळायला जागा नाही, म्हणून एलईडीच्या टोपीवरच तामिया या मॉडेलचे रंग बनवणाऱ्या कंपनीचा एक्स-२७ हा पारदर्शक लाल रंग ब्रशने लावणार आहे. इथे मात्र 'एलईडीला लाल रंग दिला' हे वाक्य बरोबर ठरतं ना? रंग टोपीला दिला, प्रकाश गाळला, असंच ना?