म्हणे बॅकपोर्ट्सची पिन ५०० करा

टिल्डा:
‘डेबियन स्टेबल शिळं वाटतं?’ या लेखातला सल्ला वाचून डोकं फिरलं. (डेबियन ही लिनक्सची एक डिस्ट्रो, स्टेबल ही तिची पक्की आवृत्ती; बॅकपोर्ट्स म्हणजे पुढच्या आवृत्तीतली पॅकेजं स्टेबलसाठी बांधून ठेवलेला वेगळा साठा, म्हणजे रिपो; पिन म्हणजे कुठल्या रिपोला किती पसंती तो आकडा.) "बॅकपोर्ट्सची पिन ५०० करा, एका अपग्रेडमध्ये सगळं ताजं!" अहो, त्या रिपोच्या रिलीज फाइलमध्ये (रिपोची माहिती देणारी फाइल) ‘नॉटऑटोमॅटिक’ आणि ‘बटऑटोमॅटिकअपग्रेड्स’ या दोन ओळी शोभेला ठेवल्यात का? त्यांच्यामुळेच पिन १०० वर बसते आणि स्टेबल ५०० वर राहतं. मागितल्याशिवाय काही येत नाही. एकदा मागून घेतलेलं पॅकेज मात्र पुढेही बॅकपोर्ट्समधूनच अपडेट होतं. ५०० केलंत की दोन्ही रिपो एका पातळीवर येतात, आणि बरोबरीत मोठं व्हर्जन जिंकतं. मग बॅकपोर्ट्समध्ये ज्याचं नवं व्हर्जन पडलंय ते सगळं आत. त्याकडे सिक्युरिटी टीम बघत नाही, ज्याने चढवलं त्याच्या सवडीने पॅच येतो.

रात्रपाळी:
असहमत. सोवळं पाळून मशीन चालत नाही. नव्या वायफाय चिपला बुकवर्मचा (डेबियन १२) ६.१ कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, ओळखत नसेल तर काय करायचं, मशीन ट्रिक्सीवर (डेबियन १३) नेईपर्यंत बघत बसायचं?

टिल्डा:
कर्नल घेऊ नका असं कुठे लिहिलंय? घ्या, पण नीट घ्या. ‘लिनक्स-इमेज-एएमडी६४’ हे मेटापॅकेज (ताज्या कर्नलकडे बोट दाखवणारं पॅकेज) घ्या. नावात व्हर्जनचा आकडा असलेलं पॅकेज थेट टाकलंत तर पुढचा कर्नल वेगळ्या नावाने येतो आणि तुम्ही जुन्यावरच अडकता, सिक्युरिटी पॅचही मिळत नाहीत. हेडर्सचं (ड्रायव्हर बांधायला लागणाऱ्या कर्नलच्या फाइली) मेटापॅकेजही तिथूनच घ्या, नाहीतर डीकेएमएस मॉड्यूल (नव्या कर्नलसाठी मशीनवरच बांधला जाणारा ड्रायव्हर) बांधलं जाणार नाही. फर्मवेअर (चिपमध्ये भरायचं सॉफ्टवेअर) विसरलात तर वायफाय तरीही बंदच. एखादंच पॅकेज हवं असेल तर ऍप्टच्या (पॅकेजं बसवणारा प्रोग्राम) ‘-टी’ या पर्यायाऐवजी नावापुढे तिरकी रेघ आणि रिलीजचं नाव द्या. ‘-टी’ने सगळं बॅकपोर्ट्स ९९० वर जातं, त्यामुळे नवी डिपेंडन्सीही (पॅकेजला लागणारं दुसरं पॅकेज) तिथूनच येते. रेघेने गरजेपुरतीच येते.

पॅचवाला:
तुमचं पिनपुराण चालू द्या. खरा वैताग ‘बॅकपोर्ट’ या शब्दाचा आहे. अख्खं पॅकेज मागे आणणं वेगळं आणि फक्त दुरुस्ती जुन्या व्हर्जनमध्ये बसवणं वेगळं. सुरक्षेतली भोकं शोधणाऱ्या स्कॅनरवाल्यांना हे कळत नाही. सीव्हीई-२०२४-६३८७ (सुरक्षा-त्रुटीचा नोंदणी क्रमांक) घ्या. ओपनएसएसएच या दूरून लॉगिन करायच्या सॉफ्टवेअरची ८.५पी१ ते ९.७पी१ व्हर्जन्स त्यात सापडली. बुकवर्मचं ९.२पी१ त्यातच येतं, पण ‘-२+डेब१२यू३’मध्ये दुरुस्त झालं. आरएचईएल ९ (रेड हॅटचं लिनक्स) मध्येही आकडा ८.७पी१ तसाच, आत पॅच. स्कॅनर बॅनरमधला (जोडणी होताच सर्व्हर पाठवतो ती ओळख-ओळ) आकडा वाचतो आणि अहवाल लालेलाल. मग वरून हुकूम: "९.८ टाका!"

रात्रपाळी:
डेबियनच्या बॅनरमध्ये ‘-२+डेब१२यू३’ दिसतं की. स्कॅनरने वाचावं.

पॅचवाला:
दिसतं, ‘डेबियनबॅनर नो’ करेपर्यंत! हार्डनिंगच्या (सर्व्हर कडक करण्याच्या) याद्यांमध्ये तीच ओळ असते. आधी पुरावा लपवायचा, मग पुरावा नाही म्हणून ओरडायचं. गंमत म्हणजे बुलसायचं (डेबियन ११) ८.४पी१ या बगपासून मोकळंच होतं, कारण चूक ८.५ मध्ये शिरली. जुनं म्हणजे असुरक्षित हे समीकरण तिथेच आपटतं.

रात्रपाळी:
एका उदाहरणावर कीर्तन! स्कॅनरला मशीनवर लॉगिन द्या, तो डीपीकेजीची (बसवलेल्या पॅकेजांची नोंद ठेवणारा प्रोग्राम) यादी घेऊन डिस्ट्रोच्या ओव्हल डेटाशी (कुठल्या व्हर्जनमध्ये काय दुरुस्त झालं त्याची नोंद) ताडून बघेल. बाहेरून पोर्ट ठोकून निघालेल्या अहवालावर चिडणं हा तुमचाच आळस.

पॅचवाला:
आळस? लॉगिन मंजूर करणारे तुम्ही का? मुद्दा मात्र बरोबर आहे, नाइलाजाने मान्य.

जुना_सर्व्हर:
मूळ विषयाकडे या. खरी माती होते ती स्वतः बांधलेल्या पॅकेजात. बॅकपोर्टच्या व्हर्जनचा शेपूट ‘~बीपीओ१२+१’ असतो. टिल्डा (~ ही खूण) क्रमवारीत रिकाम्यापेक्षाही खाली गणला जातो, म्हणून ‘१.४-२~बीपीओ१२+१’ हे ‘१.४-२’पेक्षा लहान ठरतं आणि ट्रिक्सीला जाताना आपोआप बदलतं. लोक ‘१.४-२+माझं’ लिहितात. ते मोठं ठरतं, म्हणून अपग्रेडनंतरही बुकवर्मच्या लायब्ररींवर बांधलेलं पॅकेज तसंच चिकटून राहतं. डीपीकेजीच्या ‘कंपेअर-व्हर्जन्स’ने आधी तपासा. ट्रिक्सीचा सोर्स बुकवर्मवर बांधताना लायब्ररीच्या नावातला ‘टी६४’ही (६४-बिटी वेळेच्या बदलाची खूण) काढा. आणि ‘स्लॉपी’ला (आणखी नव्या पॅकेजांचे वेगळे बॅकपोर्ट्स) हात लावण्याआधी दहादा विचार करा. त्यातलं पॅकेज पुढच्या स्टेबलपेक्षाही नवं असतं, म्हणजे टिल्ड्याचा उपयोग संपला.

रात्रपाळी:
बरं बाबा, ५०० मागे घेतो, पंडितांनी शांत व्हावं. पण ओल्डस्टेबल (मागची स्टेबल) एलटीएसला (लांबवलेला आधार) गेलं की तिथले बॅकपोर्ट्स बंद. बस्टर-बॅकपोर्ट्स (डेबियन १०) मिरर सर्व्हरांवरून उडाले आणि ‘ऍप्ट अपडेट’ ४०४ (‘सापडलं नाही’) देत बसलं. तुमच्या १०० च्या पिनने तिथे काय केलं?

टिल्डा:
काहीच नाही. पण पाच पॅकेजं मोजून घेतलेली असली तर पाचच शोधावी लागतात. सोर्सेसमधली (रिपोंची यादी) बॅकपोर्ट्सची ओळ काढा आणि ‘डीपीकेजी -एल’च्या यादीत ‘बीपीओ’ शोधा. ५०० वाल्याची निम्मी यादी ‘बीपीओ’नेच भरलेली निघेल.