मदत हवी आहे : कंत्राटी शीट मेटल फॅब्रिकेशनच्या कारखान्यात भागीदारी घ्यावी का?

सर्व सभासदांना नमस्कार. मला हवा असलेला सल्ला शेअर बाजाराविषयी नसून एका चालू कारखान्यात पैसे घालण्याविषयी आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

मी कोल्हापुरातील एका सहकारी संस्थेच्या हिशेब विभागातून गेल्या वर्षी निवृत्त झालो. फंड व ग्रॅच्युइटी मिळून ४० लाख रुपये सध्या मुदत ठेवीत आहेत. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा आणि त्याचा एक मित्र गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीत नऊ वर्षांपासून भागीदारीत फॅब्रिकेशनचा कारखाना चालवतात. त्यांचे स्वतःचे असे उत्पादन नाही. मोठ्या कंपन्या ड्रॉइंग देतात आणि त्यानुसार हे दोघे पत्रा कापून, वाकवून, वेल्डिंग व पावडर कोटिंग करून माल पोहोचवतात. जनरेटरच्या कॅनॉपीचे (वरच्या बंदिस्त पेटीचे) दरवाजे व पॅनेल, ट्रॅक्टरचे बॅटरी बॉक्स आणि ब्रॅकेट हे मुख्य काम आहे. साखर कारखान्यांचे किरकोळ काम हंगामाच्या आधी मिळते.

प्रस्ताव असा आहे की मी ४० लाख द्यावेत, बँकेचे ५५ लाखांचे कर्ज घ्यावे आणि त्या ९५ लाखांत फायबर लेझर कटिंगचे यंत्र घ्यावे. मला त्या बदल्यात २० टक्के भागीदारी मिळेल. सध्या लेझर कटिंग बाहेरून करून घेतात व त्याचे वर्षाला सुमारे २६ लाख रुपये द्यावे लागतात.

हिशेब मी पाहिले आहेत. त्याआधीच्या वर्षी उलाढाल ४ कोटी १० लाख होती, ती गेल्या वर्षी ६ कोटी २० लाख झाली. मात्र नफा ३२ लाखांवरून ३१ लाखांवर आला, म्हणजे टक्केवारी जवळजवळ आठवरून पाचवर घसरली. धंदा दीडपट वाढावा आणि नफा तेवढाच राहावा, हे मला उलगडत नाही. भाचा म्हणतो की वाढीच्या काळात असेच होते. येणे बाकी १ कोटी ५५ लाख आहे, म्हणजे साधारण ९१ दिवसांची विक्री अडकलेली आहे. ७५ लाखांची कॅश क्रेडिट (खेळत्या भांडवलासाठी बँकेने दिलेली उचल) मर्यादा वर्षअखेरीस पूर्ण वापरलेली दिसते. एकूण विक्रीपैकी ६२ टक्के विक्री एकाच ग्राहकाला आहे.

मागच्या आठवड्यात मी कारखान्यावर जाऊन आलो. भाच्याने १२५० बाय २५०० मापाचा २ मिलिमीटर जाडीचा पत्रा काट्यावर ठेवून दाखवला. वजन ४९ किलो भरले. त्यातून कापून निघणारे सुटे भाग ३६ किलो झाले आणि उरलेली १३ किलोची जाळी भंगाराच्या ढिगात गेली. ‘मामा, आमचा सगळा जीव ह्या तेरा किलोत हाय बघा,’ असे तो हसत म्हणाला. मला त्या वेळी ते वाक्य नीट कळले नाही आणि आपल्याला कळले नाही हे त्याला सांगण्याचा संकोचही वाटला.

हिशेब मला जमतो, पण हा धंदा कळत नाही. अशा कारखान्याचे भवितव्य कोणत्या आकड्यांवरून जोखावे? मागितलेली किंमत रास्त आहे का? ज्यांनी असा कारखाना चालवला आहे किंवा त्यात पैसे घातले आहेत, त्यांनी कृपया स्पष्ट लिहावे. नात्यातला व्यवहार असल्याने नंतर तोंड लपवण्याची वेळ कोणावरच येऊ नये, एवढीच इच्छा आहे.

प्रतिसाद : पत्रावाला

काका, मी कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत वीस वर्षे हेच काम केले, म्हणून उलाढालीपासूनच सुरुवात करतो. फॅब्रिकेशनमध्ये उलाढाल हा सर्वांत फसवा आकडा आहे. एकच ब्रॅकेट दोन प्रकारे बनवता येते: ग्राहक स्वतःचा पत्रा पाठवतो आणि आपण फक्त मजुरीचे बिल करतो, किंवा पत्रा आपण खरेदी करून मालासकट बिल करतो. काम तेच, वेल्डर तेच, यंत्राचे तासही तेच. पण दुसऱ्या प्रकारात बिल दुप्पट-तिप्पट होते. म्हणून विक्रीतून पत्रा आणि विकत घेतलेले सुटे भाग वजा करून जे उरते, ती या धंद्याची खरी मिळकत समजावी. आमच्याकडे तिला साधे ‘कन्व्हर्जन’ म्हणतात. आपण दोन्ही वर्षांचा हा आकडा काढून पाहावा. मला शंका आहे ती अशी की मोठ्या ग्राहकाने मध्येच पत्रा पुरवणे बंद केले असावे. तसे असेल, तर दीडपट झाली ती उलाढाल, काम नव्हे.

पत्र्याचा भाव वाढला तरी हेच होते. २०२५ च्या एप्रिलमध्ये केंद्राने सपाट पोलादाच्या आयातीवर १२ टक्के तात्पुरते संरक्षक शुल्क लावले. अशा निर्णयांचा परिणाम व्यापाऱ्याच्या दरावर लगेच दिसतो. ग्राहकाकडून दरवाढ मात्र बहुतेक ठिकाणी तिमाही संपल्यावर मिळते. मधल्या काळातला फरक कारखानदाराच्या खिशातून जातो. दर उतरताना तोच फरक खिशात येतो, हेही खरे; पण तेव्हा गोदामात महाग पत्रा पडून असतो. करारात दरबदलाची तारीख आणि आधारभूत दर लिहिलेला आहे का, हे भाच्याला विचारा.

त्या तेरा किलोंचा अर्थ असा. ग्राहक आपल्याला साधारणतः ४९ किलोचे पैसे देतो व भंगाराची ठरलेली किंमत त्यातून वजा करतो. पत्र्यावर भागांची मांडणी अधिक दाट करून तेवढ्याच पत्र्यातून एखादा भाग जास्त काढता आला, तर तो फायदा दर पुन्हा ठरेपर्यंत आपला असतो. मांडणी बिघडली, किंवा ऑपरेटरने उरलेले तुकडे नोंद न करता टाकले, तर नफा त्या ढिगात जातो. त्यामुळे भंगार विक्रीची वही मागून घ्या. ती नीट असेल, तर कारखाना नीट आहे असे मी डोळे झाकून म्हणेन.

आता लेझरविषयी. बाहेरचे २६ लाख वाचतील असे दिसते, पण वायू, वीज, ऑपरेटर आणि देखभाल यांत त्यातले निम्मे सहज जातात असे धरा. उरले १३ लाख. ५५ लाखांचे कर्ज पाच वर्षांसाठी साडेदहा टक्क्यांनी घेतल्यास महिन्याचा हप्ता सुमारे १ लाख १८ हजार, म्हणजे वर्षाला १४ लाखांच्या वर. यंत्र पहिल्या दिवसापासून हप्त्यालाच पुरत नाही, आणि तुमचे ४० लाख त्यात बिनव्याजी बसलेले आहेत. बाहेरचे कटिंगचे काम मिळवून दुसरी पाळी भरली तरच गणित जुळते. शिरोली आणि गोकुळ शिरगाव मिळून लेझरवाले आता पुष्कळ झाले असून कटिंगचे दर खाली आले आहेत. मी तुमच्या जागी असतो तर यंत्र घेण्यापूर्वी दुसऱ्या पाळीसाठी निदान दोन ग्राहकांची लेखी पत्रे मागितली असती.

एक गोष्ट राहिली. ‘ऑर्डर बुक’ म्हणून काही दाखवतील त्यावर विसंबू नका. या कामात खुली पर्चेस ऑर्डर असते, तिच्यात दर असतो, नग नसतात. नग महिन्याच्या शेड्यूलमध्ये येतात आणि शेड्यूल पंधरा दिवसांत निम्मे होऊ शकते. जनरेटरचे उदाहरण ताजे आहे. नवे प्रदूषण निकष सक्तीचे होण्याआधी, म्हणजे जून २०२४ पर्यंत, जुन्या निकषांचे संच घेऊन ठेवण्याची घाई झाली आणि नंतर मागणी बसली. ट्रॅक्टरचे उलट. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी १२ वरून ५ टक्के झाल्याने मागणीला हात मिळाला, तरी तो धंदा शेवटी पावसावरच चालतो. दोन्ही कामे हाताशी असणे ही तुमच्या भाच्याची जमेची बाजू आहे.

प्रतिसाद : ताळेबंद

पत्रावाला यांच्याशी सहमत आहे. किंमत आणि कायदा या दोन बाजूंविषयी थोडे लिहितो.

४० लाखांना २० टक्के याचा अर्थ आपले पैसे धरून कारखान्याचे मोल २ कोटी धरले आहे. ३१ लाख नफ्याच्या हे साडेसहापट होते आणि वरवर स्वस्त वाटते. परंतु दोन्ही भागीदार दिवसभर राबत असूनही हिशेबात पगार घेत नसतील, तर प्रत्येकी ६ लाख धरून १२ लाख वजा करावेत. खरा नफा १९ लाख राहतो आणि किंमत साडेदहापट होते. एका ग्राहकावर ६२ टक्के अवलंबून असलेल्या लहान कारखान्यासाठी ती मला जास्त वाटते.

९१ दिवसांच्या उधारीविषयी. १ एप्रिल २०२५ पासूनच्या व्याख्येनुसार यंत्रसामग्रीतील गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि उलाढाल १० कोटींपर्यंत असलेला उद्योग ‘सूक्ष्म’ ठरतो. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असेल तर सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी ४५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, अन्यथा रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. शिवाय मुदत ओलांडून थकवलेल्या रकमेची आयकरातील वजावट ग्राहकाला प्रत्यक्ष पैसे दिलेल्या वर्षीच मिळते. हक्क भक्कम आहे. प्रश्न एवढाच की ज्याच्याकडून ६२ टक्के काम येते त्याच्याविरुद्ध तक्रार कोण करणार? त्यापेक्षा ट्रेड्स या बिले वटवण्याच्या ऑनलाइन मंचाचा मार्ग बरा. २५० कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना तेथे नोंदणी सक्तीची आहे. ग्राहकाने बिल तेथे मान्य केले की बँक त्यावर लगेच पैसे देते आणि व्याजदर बहुधा ग्राहकाची पत पाहून ठरतो.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, साध्या भागीदारीत आपण आलात तर १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार फर्मच्या सर्व देण्यांना आपण वैयक्तिकरीत्या जबाबदार ठरता. २० टक्के हिस्सा म्हणजे २० टक्के जबाबदारी नव्हे. बँक संपूर्ण रक्कम आपल्याकडे मागू शकते. निवृत्त माणसाने असा धोका पत्करू नये. आधी मर्यादित दायित्व भागीदारीत (एलएलपी, जिथे भागीदाराची जबाबदारी त्याने घातलेल्या रकमेपुरती असते) रूपांतर करून घ्यावे, आणि तेव्हाही कॅश क्रेडिटच्या जामिनावर सही करण्यापूर्वी घरात चर्चा करावी.

प्रतिसाद : उद्यमनगरी

थोडे वेगळे. मोठ्या प्रमाणावरही हा धंदा असाच चालतो. अमेरिकेत मेव्हिल इंजिनिअरिंग ही १९४५ साली सुरू झालेली आणि २०१९ पासून न्यू यॉर्कच्या बाजारात नोंदलेली कंपनी हेच काम करते. तिचे मोठे ग्राहक ट्रक, बांधकाम आणि शेतीची यंत्रे बनवणारे आहेत. ती मागणी बसल्यावर तिने २०२५ मध्ये अक्यू-फॅब ही कंपनी विकत घेऊन डेटा सेंटर व वीज उपकरणांच्या कामाकडे वळण घेतले. म्हणजे भाच्याला विचारण्यासारखा प्रश्न लेझर किती किलोवॅटचा हा नसून, तिसऱ्या क्षेत्रातला ग्राहक कोण हा आहे.

आणि पुराचे विसरू नका. २०१९ आणि २०२१ मध्ये शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला तेव्हा आमचा तयार माल गाडीतच अडकला होता. पुण्याकडचा ग्राहक असेल तर पावसाळ्यात चार दिवसांचा माल त्याच्या बाजूला ठेवण्याची सोय विचारा.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. सोमवारी कारखान्याला सुट्टी असल्याने भाचा घरी आला होता. दोघे चार तास वह्या घेऊन बसलो.

पत्रावाला यांची शंका खरी निघाली. मोठ्या ग्राहकाने गेल्या वर्षीच्या एप्रिलपासून पत्रा देणे बंद केले आहे. पत्रा व सुटे भाग आधी २ कोटींचे होते, ते ४ कोटींचे झाले. कन्व्हर्जन २ कोटी १० लाखांवरून २ कोटी २० लाख, म्हणजे वाढ पाच टक्क्यांहूनही कमी. माझ्यापासून त्याने काही लपवले नव्हते. ‘मामा, तुम्ही विचारलंच न्हाईसा,’ असे तो म्हणाला आणि ते खरेच आहे.

मग आम्ही आणखी एक आकडा काढला. जादा २ कोटींच्या पत्र्याचे पैसे व्यापाऱ्याला ३० दिवसांत द्यावे लागतात आणि ग्राहकाकडून ९१ दिवसांनी येतात. मधल्या ६१ दिवसांचे सुमारे ३३ लाख रुपये होतात. कॅश क्रेडिट तिथेच संपले आहे. यंत्रासाठी म्हणून मागितलेले माझे ४० लाख आले असते, तर पहिल्या तीन महिन्यांत त्यातला मोठा भाग पत्र्यात गेला असता आणि हप्ता डोक्यावर राहिला असता. हे पाहून तोही बराच वेळ गप्प होता.

भंगाराची वही मात्र उत्तम आहे. तारीखवार वजन, दर, गाडीचा क्रमांक, सगळे त्याच्याच हातचे.

सध्या असे ठरले आहे की लेझर सहा महिने पुढे ढकलायचा, ग्राहकाकडे ट्रेड्सवर बिले मान्य करण्याची किंवा पूर्वीप्रमाणे पत्रा देण्याची मागणी करायची, आणि मी भागीदार न होता १५ लाख रुपये लेखी करारावर तीन वर्षांसाठी व्याजाने द्यायचे. भाच्याच्या नावावर असलेल्या प्रेस ब्रेकवर (पत्रा वाकवण्याच्या यंत्रावर) बँकेचा बोजा नाही. ते यंत्र माझ्या कर्जाला तारण म्हणून लावायचे झाल्यास करार कसा नोंदवावा लागतो, आणि त्यासाठी कॅश क्रेडिट देणाऱ्या बँकेची संमती आधी घ्यावी का, एवढे ताळेबंद यांनी सांगितल्यास उपकार होतील.

प्रतिसाद : ताळेबंद

संमती आधी घ्यावी. कॅश क्रेडिटच्या मंजुरीपत्रात बहुधा सर्व यंत्रसामग्रीवर बोजा लिहिलेला असतो. यंत्र भाच्याच्या वैयक्तिक नावावर असले तरी ते फर्मच्या ताळेबंदात दाखवले असल्यास बँक हरकत घेऊ शकते. मंजुरीपत्राची प्रत आणि यंत्राचे मूळ बिल घेऊन वकिलांकडे जा, आणि पैसे त्यानंतरच वर्ग करा.